नाद, दाद आणि वन्समोअर : संगीत नाटकाच्या प्रेक्षकवर्गातील एका संकोचाचा इतिहास

वर्ध्याहून नागपुरास जाणाऱ्या लोहमार्गावर बुटीबोरी हे स्थानक आहे. हा मार्ग 1867 साली नागपूरपर्यंत पोहोचला आणि त्यानंतर तेरा वर्षांनी, 31 ऑक्टोबर 1880 रोजी, पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतला’चा प्रयोग झाला. या दोन घटनांचा परस्परसंबंध वरवर पाहता काहीच नाही. तथापि पडदे, पेट्या, तंबोरे आणि माणसे घेऊन गावोगाव हिंडणाऱ्या नाटक मंडळ्यांना वऱ्हाड-नागपूरचा प्रदेश खुला झाला, तो या लोहमार्गामुळेच. खामगाव, अकोला, अमरावती, नागपूर ही मुक्कामाची गावे. बुटीबोरीसारखी लहान स्थानके मात्र प्रेक्षक पुरविणारी. रात्री नवाच्या सुमारास सुरू होणारे नाटक पहाटेपर्यंत चाले. बाहेरगावच्या प्रेक्षकाला सकाळच्या गाडीपर्यंत कोठेतरी रात्र काढणे भागच असल्याने नाटक लांबल्याची त्याला फारशी तक्रार नसावी, असा तर्क करण्यास हरकत नाही. तक्रार होती ती दुसऱ्याच एका प्रेक्षकाची. तोही नाटकावर तितकेच प्रेम करणारा होता. परंतु शेजारी बसलेल्या आपल्याच बांधवांच्या आरडाओरडीने तो मनातून ओशाळून जात असे. संगीत रंगभूमीच्या इतिहासात नटांची, नाटककारांची आणि मंडळ्यांची चरित्रे विपुल आहेत. या ओशाळलेल्या रसिकाकडे मात्र कोणी फारसे पाहिलेले नाही.

प्रथम शब्दांचा विचार करणे सोयीचे होईल. एखाद्या गोष्टीच्या अतिरेकी आवडीसाठी मराठीत ‘वेड’, ‘पिसे’, ‘खूळ’, ‘शोक’, ‘छंद’, ‘नाद’ असे अनेक शब्द आहेत. त्यांपैकी शेवटचे दोन लक्षणीय होत. छंद म्हणजे वृत्त, आणि छंद म्हणजे आवड. यांतील दुसरा अर्थ संस्कृतातही आहे, त्यामुळे त्याचे नवल नाही. परंतु नाद म्हणजे ध्वनी, संगीताचे मूलतत्त्व. आणि ‘नादी लागणे’, ‘नाद सोडणे’, ‘नादिष्ट’ यांतील नाद म्हणजे माणसाला कामातून उठविणारी आसक्ती. ज्या भाषेत एकच शब्द गाण्याच्या गाभ्यालाही लागू पडतो आणि गाण्यापायी घर विसरणाऱ्याच्या दुर्गुणालाही, त्या भाषेच्या बोलणाऱ्यांना या दोहोंतील अंतर किती थोडे आहे याची जाणीव फार पूर्वीपासून असली पाहिजे. कोल्हापूरकडील ‘नादखुळा’ हा शब्द तर आता गौरवाचाच झाला आहे.

याच्या उलट टोकाला ‘दाद’ हा शब्द. मूळ फारसी ‘दाद’ म्हणजे न्याय. कचेरीत ‘दाद मागणे’, सरकारदरबारी ‘दाद लागणे’ हे प्रयोग त्याच अर्थाचे. नाट्यगृहात ‘दाद देणे’ हा प्रयोग रूढ झाला तेव्हा या न्यायाची थोडी तरी छटा त्यात राहिली. दाद देणारा म्हणजे गुणाचा निवाडा करणारा. तो योग्य तेथे, योग्य तेवढी दाद देतो. दाद देणे हे देणे आहे. त्यात नटाकडून काही मागून घेण्याचा भाग नाही.

‘वन्समोअर’ हे मात्र मागणे होय. या शब्दाचा इतिहास मोठा गमतीचा आहे. इंग्रज प्रेक्षक पुन्हा गाण्याची मागणी ‘आँकोर’ या फ्रेंच शब्दाने करतो. फ्रेंच प्रेक्षक त्याच प्रसंगी ‘बिस’ हा लॅटिन शब्द वापरतो. मराठी प्रेक्षकाने इंग्रजी शब्द उचलला खरा, परंतु इंग्रज ज्या प्रसंगी स्वतःचा शब्द वापरीत नाही, त्या प्रसंगी त्याने तो वापरला. ही मागणी कोणीच आपल्या भाषेत करू नये, हा केवळ योगायोग नव्हे. मराठीपुरते तरी त्याचे कारण व्याकरणात शोधता येते. मराठीत आज्ञा करावयाची तर ‘म्हण’, ‘म्हणा’ किंवा ‘म्हणावे’ यांपैकी एकाची निवड करावी लागते. रंगमंचावर भामिनी उभी आहे. ती मानापमानातील नायिकाही आहे आणि नारायणराव राजहंसही आहेत. भामिनीला ‘म्हण’ म्हणावे तर नारायणरावांचा उपमर्द. ‘म्हणा’ म्हणावे तर भामिनी नाहीशी होऊन नट तेवढा उरतो, म्हणजे नाटकच मोडते. ‘वन्समोअर’ या शब्दाला पुरुष नाही, वचन नाही, आदर-अनादर नाही. तो अंधारातून येतो आणि कोणी टाकला हे कळत नाही. पुढे मराठीने त्याला पुल्लिंगी नाम करून टाकले. वन्समोअर पडू लागला, मिळू लागला, नट तो घेऊ लागला आणि देऊ लागला.

या मागणीला नाटकाच्या रचनेतही अवकाश होता, हे नमूद केले पाहिजे. ‘शाकुंतला’त पदांची संख्या दोनशेच्या घरात, 1882 च्या ‘सौभद्रा’त ती शंभरावर. त्याच वर्षी किर्लोस्कर मंडळीत आलेल्या भाऊराव कोल्हटकरांच्या आवाजाने प्रेक्षकांस जी भुरळ घातली, तीतून ‘पदासाठी नाटक’ ही दृष्टी दृढ झाली. नागपुरात जन्मलेल्या श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी 1896 च्या ‘वीरतनया’त पारशी रंगभूमीवरील चाली आणल्या, तेव्हा चालींची नवलाई हेच प्रेक्षकांचे एक स्वतंत्र आकर्षण झाले. पुढे 1911 साली खाडिलकरांच्या ‘मानापमाना’ला गोविंदराव टेंब्यांनी आणि 1916 साली ‘स्वयंवरा’ला भास्करबुवा बखल्यांनी चाली दिल्या. रागदारीच्या या बैठकीमुळे एकेक पद स्वतंत्र मैफलीच्या तोलाचे झाले. आता तेच पद तिसऱ्यांदा ऐकण्याची इच्छा मूर्खपणाची म्हणता येईना, कारण तिसऱ्या वेळी बालगंधर्व त्यात निराळे काही करीत. नादिष्टाच्या बाजूने हा मुद्दा बळकट आहे आणि ओशाळणाऱ्याने तो नेहमी मनातल्या मनात मान्य केलेला असतो. त्यालाही ते पद पुन्हा ऐकावयाचे होतेच. शेजाऱ्याने त्याच्याच मनातील गोष्ट ओरडून सांगितली, हे त्याचे खरे दुखणे होय.

येथे ‘लाज वाटणे’ आणि ‘लाज आणणे’ या दोन प्रयोगांतील भेद उपयोगी पडतो. लाज वाटते ती स्वतःच्या कृत्याची. परंतु ‘त्याने आम्हांला लाज आणली’ असे मराठी माणूस म्हणतो तेव्हा तो ‘त्याला’ आपल्यात धरतो. मुलगा लाज आणतो, भाऊ आणतो, गाववाला आणतो. परका माणूस कितीही निर्लज्ज असला तरी तो आपणांस लाज आणू शकत नाही. नाट्यगृहातील संकोच हा या जातीचा आहे. ज्याला संगीत नाटक मुळातच आवडत नाही, तो वन्समोअरच्या आरोळीने त्रासतो किंवा हसतो, पण ओशाळत नाही.

हा संकोच इंग्रजी शिक्षणाने आणला, असे कोणी म्हणेल. त्यात तथ्य आहे, परंतु थोडे. नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोगाच्या यशाचे दोन प्रकार सांगितले आहेत. मानुषी सिद्धीत प्रेक्षकांचे स्मित, हास्य, ‘साधु’, ‘अहो’, ‘कष्टम्’ असे उद्गार, वाढत जाणारा कल्लोळ, अंगावरील रोमांच, आसनावरून उठणे, वस्त्रे आणि अंगठ्या फेकणे येते. म्हणजे वेडा प्रेक्षक भरताला चांगलाच ठाऊक होता आणि त्याने त्याला यशाच्या व्याख्येत जागा दिली आहे. परंतु जेथे आवाज नाही, क्षोभ नाही आणि तरीही रंगगृह भरलेले आहे, त्या यशाला तो दैवी सिद्धी म्हणतो. ओशाळलेल्या रसिकाचा पक्ष एवढा जुना आहे.

युरोपातही हा झगडा झालेला आहे. 1786 साली व्हिएन्नात मोझार्टच्या ‘फिगारो’च्या वेळी पुनरावृत्त्या इतक्या वाढल्या की, एकाहून अधिक आवाजांच्या पदांची पुनरावृत्ती करू नये असा हुकूम सम्राट दुसऱ्या जोसेफला काढावा लागला. 1903 साली तोस्कानिनी याने पुनरावृत्तीच्या हट्टावरून मिलानचे ला स्काला नाट्यगृहच सोडले. सर्वांत बोधप्रद हकीकत मात्र बायरॉयटची आहे. 1882 साली ‘पार्सिफाल’च्या प्रयोगात टाळ्या अनुचित असा समज वाग्नरच्या भक्तांनी करून घेतला, आणि एका प्रयोगात स्वतः वाग्नरनेच उत्साहाने ‘ब्राव्हो’ म्हटले, तेव्हा कोण ओरडले हे न ओळखून भक्तांनी त्यालाच गप्प केले. शांत भक्तही नादिष्टच असतो, एवढे यावरून दिसते.

मराठी रंगभूमीवर या दोन वृत्तींचा सामना सर्वांत स्पष्ट दिसतो तो ‘एकच प्याल्या’त, आणि त्याचा एक धागा नागपूर जिल्ह्याशी जोडलेला आहे. राम गणेश गडकरी 23 जानेवारी 1919 रोजी सावनेर येथे वारले. सावनेर नागपूरच्या उत्तरेस, बुटीबोरी दक्षिणेस. ‘एकच प्याला’ त्याच वर्षी फेब्रुवारीत बडोद्यास गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणला. त्यातील पदे गडकऱ्यांची नव्हेत. ती विठ्ठल सीताराम गुर्जरांनी रचली. ज्या बालगंधर्वांच्या शालूंचे आणि केशरचनेचे अनुकरण घरंदाज स्त्रिया करीत, ते येथे सिंधूच्या फाटक्या लुगड्यात उभे राहिले. दारूने धुळीस मिळालेल्या संसाराची ती कथा. आणि तिच्यातही पदे होती, म्हणून वन्समोअरही होते. सिंधूने रडत म्हटलेले पद संपताच तिने ते पुन्हा म्हणावे, अशी आरोळी उठे. म्हणजे तिच्या दुःखाचीच ती फर्माईश. प्रेक्षक निर्दय होते असा याचा अर्थ नव्हे. त्यांच्यापैकी पुष्कळांच्या डोळ्यांत पाणी असे. परंतु डोळ्यांतील पाणी न पुसता ओरडणारा आणि ते पाणी कोणास दिसू नये म्हणून मान खाली घालणारा, हे दोघे एकाच बाकावर बसत.

8 जुलै 1921 रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या ‘संयुक्त मानापमाना’त तर वेडांची दोन सैन्येच समोरासमोर आली. धैर्यधर केशवराव भोसले, भामिनी बालगंधर्व. नटांमध्ये जे सौजन्य होते त्याचा अंश जरी दोघांच्या भक्तांमध्ये असता तरी पुष्कळ झाले असते. कोण कोणास जिंकतो याचीच चर्चा अधिक झाली. त्याच वर्षी 4 ऑक्टोबरला केशवराव निवर्तले आणि तो वाद अनिर्णित राहिला.

बालगंधर्व प्रेक्षकांना ‘मायबाप’ म्हणत. हे संबोधन लाघवी खरे, पण त्याची किंमत त्यांनाच मोजावी लागली. आईबाप मुलाला मोठे होऊ देत नाहीत, तसे या मायबापांनी केले. 1932 साली ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटाने नवे युग सुरू झाले. 1935 च्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात नारायणराव एकनाथांच्या भूमिकेत आले, परंतु पुरुषवेषातील गंधर्व भक्तांच्या मनाला तितकेसे रुचले नाहीत. पन्नाशी उलटल्यावरही ते स्त्रीभूमिका करीत राहिले. त्या काळचे प्रयोग हे ओशाळलेल्या रसिकाची खरी कसोटी होत. थकलेल्या देहाची रुक्मिणी पाहून त्याचा जीव गुदमरे, आणि मागून येणारा वन्समोअर त्याला क्रूर वाटे. म्हणून तो नाट्यगृहात जाईनासा झाला. गेले ते नादिष्ट. तिकीट काढले ते त्यांनी. सुसंस्कृत संकोचाने त्या मंडळीच्या कर्जातील एक रुपयाही फिटला नाही, हे कठोर वाटले तरी म्हटले पाहिजे. आणि पदांचे जुने ठसे, ध्वनिमुद्रिका, जागांची आठवण या गोष्टी पुढील पिढीपर्यंत आल्या, त्याही बव्हंशी ज्यांना चारचौघांत हसले जाई त्यांच्याच घरांतून.

15 जुलै 1967 रोजी बालगंधर्वांचे निधन झाले आणि त्याच वर्षी 24 डिसेंबरला ‘कट्यार काळजात घुसली’ रंगभूमीवर आले. नाटककार पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे. खाँसाहेबांची भूमिका करणारे डॉ. वसंतराव देशपांडे मूर्तिजापुरात जन्मलेले, पण गाणे शिकले ते नागपुरात. आपल्या घराण्याच्या गायकीवर कोणाची सावलीही पडू नये असा हट्ट धरणाऱ्या खाँसाहेबांची ही कथा, म्हणजे नादाच्या दोन्ही अर्थांवरील नाटक होय. प्रेक्षकगृहातील घराणेवाले, ‘असे गाणे आता होणे नाही’ म्हणून शेजाऱ्याला दटावणारे, हे रंगमंचावरील खाँसाहेबांचेच धाकटे भाऊ होते. वसंतराव प्रयोगागणिक निराळे गात, त्यामुळे तेच नाटक पुन्हापुन्हा पाहणारा एक वर्ग तयार झाला; तो आरोळी न देता पुढच्या प्रयोगाचे तिकीट काढी. वन्समोअरचे हे शांत रूप म्हणावे लागेल, आणि त्याने कथानकही मोडत नसे.

आज बुटीबोरी ही औद्योगिक वसाहतीची जागा आहे. तेथील रसिकास नागपूरचे डॉ. वसंतराव देशपांडे सभागृह तासाभराच्या अंतरावर आहे, आणि तेथे संपूर्ण संगीत नाटकापेक्षा नाट्यपदांचे कार्यक्रमच अधिक होतात. अशा कार्यक्रमात सिंधू नसते, भामिनी नसते. निवेदक असतो, गायिका असते आणि फर्माईशींच्या चिठ्ठ्या असतात. पद दुसऱ्यांदा म्हटल्याने कोणाचा संसार थांबत नाही वा कोणाचे स्वयंवर लांबत नाही. वन्समोअरची आरोळी आता क्वचितच येते. आलीच तर गायिका हसून नमस्कार करते आणि पुढील पदाकडे वळते, कारण सभागृह ठरल्या वेळी रिकामे करावयाचे असते.