घाटमाथ्यावरची चाकरी

जुन्नरचा इतिहास सांगताना आपली मंडळी शिवनेरीपासून सुरुवात करतात, लेण्याद्रीला जातात आणि आमच्या ओझरच्या विघ्नहरापाशी येऊन थांबतात. त्यात गैर काही नाही. पण आपटाळ्याच्या पुढे पश्चिमेला रस्ता अरुंद होतो, गावे विरळ होतात, वाड्या डोंगराला धरून बसलेल्या दिसतात. त्या पट्ट्यातला माणूस पिढ्यान् पिढ्या कोणते काम करून जगला, हे फारसे कुणी विचारत नाही. आंबेगावच्या पश्चिम भागाचीही तीच गत.

मी विद्यापीठातला माणूस नाही. पोटाचा उद्योग सांभाळून गॅझेटिअरे वाचली, घाटवाटा पायी केल्या, म्हाताऱ्या माणसांशी बोलत बसलो. सगळीकडे एक वाक्य ऐकू येई : ‘डोंगरात काम नाही, म्हणून माणूस खाली उतरतो.’ कागद मात्र वेगळे सांगतात. डोंगरात काम होते. वाट चालवणे आणि वाट राखणे हेच ते काम. ते कधी आणि कसे गेले, याचा माग बऱ्यापैकी काढता येतो.

सुरुवात नाणेघाटापासून करू. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून निघालेला माल याच घाटाने चढून जुन्नरला आणि पुढे प्रतिष्ठानला, म्हणजे पैठणला जाई. घाटाच्या तोंडाशी असलेल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. त्यात यज्ञांची आणि दक्षिणेची मोजदाद आहे : गाई, घोडे, हत्ती, कार्षापणे. बाहेर दगडी रांजण आहे, तो जकातीचा असे परंपरा सांगते. जुन्नरच्या लेण्यांत धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिल्याचा लेख आहे. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींचाही उल्लेख सापडतो. देणाऱ्यांची नोंद झाली. ज्यांनी बैल हाकले, पाठीवर ओझी चढवली, पावसाळ्यात ढासळलेली पायरी पुन्हा बसवली, त्यांचा लेख कुणी कोरला नाही. पण त्यांच्यावाचून त्या रांजणात एक नाणेही पडले नसते.

मध्ययुगात या कामाला चाकरीचे रूप आले. घाटमाथ्यावरच्या महादेव कोळी नाइकांकडे घाटांची आणि मुलखाची राखण असे. चावंड, हडसर, जीवधन, शिवनेरी या किल्ल्यांना पहारेकरी लागत, गवत-लाकूड पुरवणारे लागत, वाटाडे लागत. खाचरातला भात आणि उतारावरची नाचणी-वरई वर्षभर पुरत नसे. ती तूट ही चाकरी भरून काढी. शेती अर्धे पोट भरी, राखणदारी उरलेले. डोंगरातल्या जगण्याचा हिशेब असा दोन पायांवर उभा होता.

१८१८ मध्ये यातला एक पाय गेला. त्या वर्षी मे महिन्यात मेजर एल्ड्रिजच्या फौजेने हे किल्ले घेतले. पुन्हा कुणी आसरा घेऊ नये म्हणून वाटा तोडल्या गेल्या. चावंडला चढताना सुरुंगाने उडवलेल्या पायऱ्यांची जागा आजही दिसते. तिथे रेलिंगला धरून वर जाताना लोक इंग्रजांच्या नावाने दोन शब्द बोलतात. मला त्या जागी आणखी एक गोष्ट दिसते : त्या पायऱ्यांबरोबर कित्येक घरांची चाकरीही उडाली. किल्ल्यांची शिबंदी मोडली, नाइकांच्या नेमणुका कमी झाल्या, काही बंद पडल्या. दहा-अकरा वर्षांत कोळ्यांचे बंड उभे राहिले. त्यात पुढे असलेला रामजी भांगरे आधी सरकारी चाकरीत होता. त्याचा मुलगा राघोजी १८४० च्या दशकात सह्याद्रीभर झुंजला, पंढरपुरात पकडला गेला आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेला. राघोजींचे शौर्य आपण गातो, ते गावेच. पण बंडामागे मानाइतकीच भाकरीचीही बाजू होती, हे विसरू नये.

याचा पडताळा सरकारच्याच एका प्रयोगात मिळतो. १८५७ च्या धामधुमीत नटॉल नावाच्या अधिकाऱ्याने कोळ्यांची एक पलटण उभी केली. संख्या सुमारे ६००. ज्यांच्यावर बंडखोरीचा शिक्का होता त्याच मुलखातली ही माणसे. पायाने चपळ, डोंगराची माहितगार, थोडक्या काळात शिस्तीत तयार झालेली. ती असेपर्यंत त्यांनी बंडे केली नाहीत, उलट बंदोबस्त राखला. १८८५ चे पुणे जिल्ह्याचे गॅझेटिअर त्यांचे कौतुक करते. मात्र मार्च १८६१ मध्ये पलटण मोडली. थोडे पोलिसांत गेले, बाकीचे शेतीकडे आणि मजुरीकडे परतले.

ते परतले तेव्हा घाटमाथाही पूर्वीचा राहिला नव्हता. बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० मध्येच झाला होता. १८६३ मध्ये त्या घाटातून आगगाडी चढली, १८६५ मध्ये थळघाटातूनही. दक्षिणेला लोणावळा, उत्तरेला इगतपुरी, आणि मधल्या नाणेघाट-आहुपे घाटाच्या वाटांवरची दूरची वाहतूक आटली. त्याच सुमारास वन कायदे आले, १८६५ चा आणि मग अधिक कडक असा १८७८ चा. उतारावर राब जाळून नाचणी-वरई करायची जागा आक्रसली. पलटण गेली, वाट गेली, रानही हातचे जाऊ लागले. उरला सावकार.

आंबेगावातल्या जांभोरीचा होन्या भागूजी केंगला १८७३ च्या सुमारास उठला, तो या सावकाराविरुद्ध. त्याच्या टोळीने सावकारांची नाके कापली, असे गॅझेटिअर नोंदवते. १८७६ मध्ये मेजर डॅनियलने त्याला पकडले. पलटण मोडल्यापासून हे बंड उठेपर्यंत बारा वर्षे गेली. दोन्हींचा थेट संबंध कुठल्या कागदात लिहिलेला नाही, तो मी जोडतो. पण घटनांचा क्रम पाहिला तर वाचकालाही तो जोडावासा वाटेल. १८७५ मध्ये सुप्याला शेतकऱ्यांनी कर्जरोखे जाळले तेव्हा चौकशी आयोग नेमला गेला आणि १८७९ मध्ये कायदा झाला. डोंगराच्या वाट्याला मुख्यतः पोलीस आले.

मग माणूस खरोखरच उतरला. पण उतरून त्याने काय केले ते पाहा. १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी मुंबईत डबे पोचवण्याचे काम सुरू केले. या कामातली माणसे आली ती मुख्यतः मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर, अकोले या पट्ट्यातून. डोक्यावर भार, ठरलेली वाट, ठरलेली वेळ आणि सचोटी. घाटातल्या ओझेकऱ्याचे हे सगळे गुण मुंबईच्या स्टेशनांवर कामी आले. गोद्यांत, भाजीबाजारात, गोदामांत गेलेल्यांचेही तसेच. अशा कष्टकऱ्यांसाठी माथाडी कायदा झाला तो १९६९ मध्ये. डबेवाले अजून चैत्रात गावच्या यात्रांसाठी काही दिवस एकदम सुट्टी घेतात आणि मुंबईतली कार्यालये तेवढे दिवस जेवणाची दुसरी सोय बघतात. माणूस उतरला तरी त्याचे पंचांग डोंगराचेच राहिले.

जे वर राहिले त्यांना हिरड्याने तारले. बाळहिरडा वेचायचा, वाळवायचा, विकायचा. औषधाला आणि कातडी कमावण्याला त्याला मागणी. १९७२ मध्ये स्थापन झालेले आदिवासी विकास महामंडळ खरेदीत उतरले, तरी भावाची तक्रार कायम राहिली. जून २०२० च्या निसर्ग वादळात हिरड्याची झाडे मोडली, तेव्हा भरपाईसाठी लोकांना आंदोलन करावे लागले. शेतातले पीक गेले तर पंचनामा होतो. रानातले झाड हे पीक आहे, हेच आधी पटवून द्यावे लागले.

इथे आमच्या ओझरचा संबंध येतो. कुकडी उगम पावते ती नाणेघाटाजवळच्या डोंगरात. माणिकडोहला ती अडते, खाली येडगावला पुन्हा अडते, आणि त्या जलाशयाच्या काठी आमचे गाव. कुकडी प्रकल्पाचे पाणी पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत जाते. घोड नदीवरच्या डिंभे धरणात तर मूळ आंबेगाव हे गावच बुडाले. तालुक्याला नाव त्याचे आणि कचेरी घोडेगावात. आमच्याकडची द्राक्षे, ऊस, टोमॅटो या पाण्यावर उभे आहेत, आणि ते तोडायला-खुडायला भाताची आवणी आटोपून येणारे मजूरही पुष्कळदा त्याच डोंगरातले. पाणी आणि हात, दोन्ही वरून येतात. पाण्याची आवर्तने ठरतात, त्यावर बैठका होतात. हातांची मजुरी सकाळी नारायणगावच्या अड्ड्यावर उभ्या उभ्या ठरते.

३० जुलै २०१४ रोजी माळीण गाडले गेले, दीडशेच्या आसपास माणसे गेली. गाव जाग्यावर नाही हे बाहेरच्या जगाला एसटीच्या चालकामुळे कळले. एवढ्या पावसाच्या, एवढ्या तीव्र उताराच्या मुलखात राखण करणारी, कुठे भेग पडली हे पाहून कळवणारी कुणाची नेमणूक नव्हती. पूर्वी घाट राखायला नेमणूक असे, कारण घाटावर जकात मिळे. डोंगरावर आजही जकातीसारखेच उत्पन्न आहे, ते पाण्याच्या रूपाने खाली येते. राखणदाराचे वेतन मात्र बंद झाले ते झालेच.

आता पावसाळ्यात नाणेघाटात शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते. घाटघरची काही पोरे वाटाडे झाली आहेत, घराघरांतून पिठलं-भाकरी मिळते. वाट पुन्हा काम देऊ लागली आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला रानावर आणि हिरड्यावर हक्कही दिला आहे. या दोन गोष्टी नीट धरल्या तर डोंगरात राहून जगता येईल, असे मला वाटते. अट इतकीच की वाटेची कमाई या वेळी वाट चालवणाऱ्याच्या हाती पडावी. रांजण घाटाच्या तोंडाशी असला तरी तो भरून जाई दुसऱ्याच गावाला, हे एकदा होऊन गेले आहे.