अजिंक्य मुंगी : एका नावाचा खटला

मुंगीच्या नावासाठी आंतरराष्ट्रीय आयोगाला निवाडा द्यावा लागला, ही २००१ सालची गोष्ट. मुंगी दक्षिण अमेरिकेची. तांबडी, दंशाने आग आग करणारी.

१९१६ साली फेलिक्स सांत्शी यांनी अर्जेंटिनातील काही मुंग्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. हे गृहस्थ मूळचे स्विस, ट्युनिशियातील कैरुआन येथे डॉक्टरकी करणारे. (मुंग्या सूर्यावरून वाट ओळखतात, हे आरशाचा कवडसा पाडून दाखवणारे तेच!) त्यांनी या मुंगीला ‘वागनेरी’ म्हटले, पण स्वतंत्र जाती म्हणून नव्हे, एका पोटजातीचा प्रकार म्हणून. त्या नावाकडे पुढे फारसे कोणी पाहिले नाही.

१९३०च्या दशकात हीच मुंगी अमेरिकेच्या मोबील बंदरात उतरली. तिची काळी भावंडे तेथे आधीच पोहोचली होती. दोघींना एकाच जातीचे दोन रंग समजण्यात आले. १९५७ मध्ये सरकारने विमानांतून विषारी कीटकनाशके टाकण्याची मोहीम आखली. पक्षी मेले, गुरे मेली. रेचल कार्सन यांनी ‘सायलेंट स्प्रिंग’मध्ये तिचे वाभाडे काढले. मुंगी पसरतच राहिली.

१९७२ साली विल्यम ब्युरेन यांनी या दोन जाती वेगळ्या असल्याचे दाखवले आणि तांबडीला नाव दिले सोलेनोप्सिस इन्व्हिक्टा, म्हणजे अजिंक्य. हा नुसता शब्दच्छल नव्हता. कीटकाचे नैसर्गिक शत्रू शोधायचे तर आधी त्याचे माहेर ठाऊक हवे. काळीचे माहेर दक्षिणेकडे, अर्जेंटिना-उरुग्वेच्या बाजूला. तांबडीचे पॅराग्वे नदीच्या खोऱ्यात.

आणि १९९५ मध्ये बॅरी बोल्टन यांच्या जागतिक सूचीने जुने नाव पुढे आणले: वागनेरी आणि इन्व्हिक्टा एकच! प्राणिनामकरणाचा दंडक असा, की आधीचे नाव श्रेष्ठ. परंतु तोवर शोधनिबंध, पाठ्यपुस्तके, रोपे व माती यांच्या वाहतुकीचे नियम, सर्वत्र इन्व्हिक्टा रूढ झाले होते. १९९९ मध्ये तीन अभ्यासकांनी ते नाव राखावे असा अर्ज केला आणि आयोगाने विशेषाधिकार वापरून तो मान्य केला. निर्णय व्यवहार्य होता. तरी ज्येष्ठतेचा नियम ज्या सांत्शींच्या बाजूने होता, त्यांच्या वाट्याला समानार्थी नावांच्या यादीतील एक ओळ उरली.

२०२३ साली ही मुंगी सिसिली बेटावर वसल्याचे जाहीर झाले, तेही ब्युरेन यांनी दिलेल्या नावानेच.