सॅम्पल केलेली हार्प आणि वादकाचे पाय

चित्रपटाच्या किंवा व्हिडिओ गेमच्या वाद्यवृंदीय पार्श्वसंगीतात आज हार्पचा झंकार ऐकू आला, तरी ती कोणी त्यासाठी प्रत्यक्ष वाजवली असेल याची खात्री देता येत नाही. हार्पचे सुटे स्वर आधीच मुद्रित करून संगणकात साठवलेले असतात आणि संगीतकार ते पियानोसारख्या कळफलकावरून वाजवतो. हीच 'सॅम्पल लायब्ररी'. तिच्यात काय हरवते हे समजण्यासाठी १८१० सालच्या लंडनमध्ये जावे लागते.

त्या वर्षी सेबास्तियाँ एरार या फ्रेंच वाद्यनिर्मात्याने तेथे दुहेरी क्रियेच्या पेडल-हार्पचे पेटंट घेतले. आपले स्वरमंडळ डोळ्यांसमोर आणा. ते रागानुसार आधीच जुळवावे लागते. राग बदलला की पुन्हा खुंट्या पिळणे आले. एरारच्या हार्पला सात स्वरनामांसाठी सात पेडल आहेत आणि प्रत्येकाची तीन स्थाने. गंधाराचे पेडल एक खाच खाली दाबले की बहुतेक सर्व सप्तकांतील गंधाराच्या तारा एकदम अर्ध्या स्वराने चढतात. आधुनिक हार्पच्या ४७ तारा अशा, वादन चालू असतानाच, पायांनी बदलत्या ठेवल्या जातात.

बंधनही याच रचनेतून आले. गंधाराच्या तारा एका सप्तकात कोमल आणि दुसऱ्यात शुद्ध ठेवता येत नाहीत. तसे हवेच असेल तर शेजारच्या तारेकडून स्वर उसना घ्यावा लागतो. त्यात करंगळी वापरत नाहीत, म्हणजे दोन्ही हातांची मिळून बोटे आठच. पियानोच्या सवयीने लिहिणारे संगीतकार इथे हमखास अडखळत. सेंट पीटर्सबर्गचे हार्पवादक आल्बर्ट झाबेल यांनी तर १९व्या शतकाच्या अखेरीस संगीतकारांना उद्देशून एक पुस्तिकाच लिहिली. चायकोव्हस्कीच्या 'स्वान लेक'मधील हार्पचा एकल भागही पुष्कळदा झाबेल यांनी बदललेल्या रूपातच वाजवला जातो.

कागद आणि ध्वनी यांच्यामध्ये, थोडक्यात, 'हे असे वाजणार नाही' म्हणणारा एक माणूस उभा होता. कळफलक असे म्हणत नाही. त्यावर बारा स्वर केव्हाही, कसेही एकत्र येतात.

हा बदल एका रात्रीत झाला नाही. १९६०च्या दशकातील मेलोट्रॉनमध्ये प्रत्येक कळीमागे सुमारे आठ सेकंदांची चुंबकीय फीत असे. १९७९ साली सिडनीहून फेअरलाइट हे संगणकीय वाद्य आले. मे १९८२ मध्ये ब्रिटनच्या वादक संघटनेच्या मध्य लंडन शाखेने सिंथेसायझरवर बंदीची मागणी करणारा ठराव केला; तो संघटनेचे धोरण मात्र झाला नाही. आज त्या ठरावाची थट्टा होते. मला त्यात पोटाची भीती दिसते, आणि ती खोटी नव्हती.

अर्थात, हार्पवादकाचे मानधन न परवडणाऱ्या नवख्या संगीतकारासाठी लायब्ररी हे वरदानच आहे, हेही मान्य करायला हवे.

लायब्ररीतला ध्वनीही कोणीतरी वाजवलेलाच असतो. १९४६ साली मुंबईत जन्मलेल्या आणि लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये हार्प शिकवणाऱ्या स्कायला कांगा यांच्या वादनावर स्पिटफायर ऑडिओने अशी एक लायब्ररी बेतली. तिच्यातली बोटे त्यांची आहेत. पेडल केव्हा बदलायचे, हा प्रश्न मात्र ती लायब्ररी वापरणाऱ्यापुढे उभाच राहत नाही.