लाडाचे शब्द आणि मुलूख

प्रेमाची बोली हा विषय कवींचा. त्यात युनियनवाल्याने का पडावे, असे कोणी विचारील. आमचे उत्तर एवढेच, की माणसे जेथे पोटासाठी एकत्र येतात तेथे त्यांच्या बोलीही एकत्र येतात, आणि लाडाचा शब्द व टोमणा यांतली सीमा पहिल्याने तेथेच पुसट होते. आम्ही कॉलेज पाहिले नाही. 1840 साली स्थापन झालेल्या आपल्या सार्वजनिक वाचनालयाने जे दिले आणि कारखान्याच्या दाराशी जे कानांवर पडले, तेवढ्याच भांडवलावर आम्ही बोलत आहोत.

प्रथम मुलखामुलखांतला फरक पाहू. स्त्रीला हाक मारताना देशावर 'गं' येतो, कोकणात 'गो', मालवणकडे 'गे', वऱ्हाडात 'वं'. मुलगी मालवणात 'चेडू', वऱ्हाडात 'पोट्टी'. आपल्याच जिल्ह्यात, बागलाण-मालेगावकडच्या अहिराणीत, लेक म्हणजे 'आंडेर'. नागपूरकडे मित्राला 'काय बे' म्हणणे ही जवळीक. पुण्यात परक्याला तसे म्हटले तर बाह्या वर सरतील. 'चेडू'चे नाते भाषेचे जाणकार दासी या अर्थाच्या 'चेटी' शब्दाशी जोडतात. पण मालवणी आई लेकीला तशी हाक मारते तेव्हा तिच्यात माया सोडून दुसरे काही नसते. तात्पर्य, शब्दाची अब्रू त्याच्या कुळावरून ठरत नाही. तो कोण, कोणाला आणि कोठे म्हणतो, यावर ठरते.

आता जुना काळ. आपल्या मुलखातील प्रेमाच्या बोलीचे जुने दप्तर म्हणजे हाल सातवाहनाच्या नावावरची गाथासप्तशती. भाषा माहाराष्ट्री प्राकृत. तिच्यातली 'गोला' म्हणजे आपली गोदावरीच. 1956 साली स. आ. जोगळेकरांनी ती मराठी वाचकाच्या हाती दिली. तिच्यात नांगऱ्या आहे, गावचा पाटील आहे, वाटसरू आहे. आणि मुख्य म्हणजे त्यांच्यापुढे गप्प न बसणारी बाई आहे. ती रुसते, टोचून बोलते, सखीकरवी निरोप धाडते, सासूच्या देखत वाटसरूशी दुहेरी अर्थाने बोलते. तेथे शृंगार हा दोघांचा संवाद आहे.

पेशवाईत ही बोली लावणीत आली. सिन्नर तालुक्यातील बावीचा परशराम शिंपी, संगमनेरचा अनंत फंदी, सोलापूरचा राम जोशी. मुलूख निरनिराळे, पण साजणी, राया, मैना आणि जोडीला फारसी वळणाचा दिलवर हे शब्द फडांबरोबर गावोगाव हिंडले व सर्वांचे झाले. मात्र बाईच्या तोंडी घातलेले ते बोल बहुधा पुरुषांनी रचलेले होते, आणि नाचणारीचे पोट समोर बसलेल्यांच्या हाती होते, हे विसरू नये.

1854 साली मुंबईत पहिली कापड गिरणी स्थापन झाली. पुढे रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर येथली माणसे एका चाळीत राहू लागली. 'घाटी' म्हणजे घाटावरचा, इतका साधा शब्द. त्या शहरात त्याची शिवी झाली. रिळिंग-वाइंडिंग खात्यांत बायकांवर देखरेख करणाऱ्या बाईला 'नायकीण' म्हणत. गोव्याकडे त्याच शब्दाचा अर्थ गाणारी-नाचणारी कलावंतीण. शब्द एकच, एकाच्या कानी तो हुद्दा, दुसऱ्याच्या कानी टोमणा. त्या काळी कामावर घेणे-काढणे जॉबरच्या मर्जीवर असे. 1931 साली रॉयल कमिशनच्या अहवालाने जॉबरांच्या लाचखोरीवर बोट ठेवले. अशा माणसाने कामकरी बाईला 'मैना' म्हटले, तर तिने काय करावे? गाथेतल्या गृहिणीची जीभ तिलाही होती. ती चालवली तर चूल बंद पडण्याचे भय होते.

पुढे शहरी टपोरी बोलीत 'सामान', 'माल', 'आयटम' हे शब्द आले. मैना निदान बोलणारे पाखरू होते. माल बोलत नाही. तो उचलायचा किंवा टाकायचा असतो.

आज सातपूर-अंबडच्या कारखान्यांत खानदेशी, वऱ्हाडी, कोकणी माणसे एका पाळीत उभी असतात. कोणा बाईने तक्रार केली की सबब तयार असते: 'आमच्याकडे असेच बोलतात.' ही सबब आपल्या बोलींचाच अपमान करते. गावाकडे थट्टेला वहिनीचे उत्तर येते, आणि थट्टा करणारा ते खाली मान घालून ऐकून घेतो. सुपरवायझर ऐकून घेतो काय? 1997 च्या विशाखा निकालानंतर आणि 2013 च्या कायद्याने दहा वा अधिक माणसांच्या प्रत्येक कामाच्या ठिकाणी तक्रार समिती बंधनकारक झाली आहे. त्या कायद्याची कसोटी बोलणाऱ्याचा मुलूख पाहत नाही. ऐकणारीला ते बोल नकोसे होते काय, हे विचारते.

आम्ही बोलींचे वैरी नाही. 'गो', 'वं', 'आंडेर' हे सारे कारखान्याच्या आवारात नांदावेत, तरुणांनी एकमेकांची थट्टाही करावी. फक्त शब्द टाकण्यापूर्वी एवढे पाहावे, की समोरच्या बाईला तितक्याच मोकळेपणाने उलट उत्तर देता येते ना, आणि ते दिल्यावर तिची पाळी, पगार व नोकरी शाबूत राहते ना. ते ज्या संघटनेने सांभाळले, तिने मराठीचीही सेवा केली असे आम्ही समजतो.