‘वेड लागणे’ आणि ‘वेडा असणे’ : मनोविकाराच्या इतिहासातील एक भाषिक धागा

मनोविकाराचा इतिहास लिहिताना अभ्यासक सामान्यतः तीन साधनांकडे वळतात : वैद्यकाचे ग्रंथ, रुग्णालयांची दप्तरे आणि कायद्याच्या संहिता. या तिन्ही साधनांत वैद्य, अधिकारी आणि न्यायाधीश बोलतात. रुग्ण व त्याचे शेजारी क्वचितच बोलतात. त्यांच्या समजुतीचा माग घ्यावयाचा तर भाषेच्या रचनेकडे पाहावे लागते. प्रस्तुत लेखात मराठीतील एका साध्या व्याकरणिक भेदाच्या आधारे या इतिहासाचा एक धागा उलगडण्याचा प्रयत्न केला आहे.

‘त्याला वेड लागले’ आणि ‘तो वेडा आहे’ ही दोन वाक्ये वरवर समानार्थी भासतात. परंतु त्यांची घडण भिन्न आहे. पहिल्यात ‘वेड’ हा कर्ता असून मनुष्य चतुर्थीत आहे. ताप येतो, भूत लागते, तहान लागते, त्याच जातीची ही रचना होय. जे लागले ते जाऊही शकते, हे तीत गृहीत आहे. दुसऱ्या वाक्यात मात्र मनुष्य आणि वेड यांच्यामध्ये अंतर उरत नाही. पहिले वाक्य एक घटना सांगते, तर दुसरे मनुष्याची जात ठरवते. ‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ या म्हणीत तर वेड हे वस्त्राप्रमाणे अंगावर घेण्याची वस्तू झाले आहे. पंढरीचे वेड, गाण्याचे वेड अशा प्रयोगांत त्याला गौरवाचा अर्थही येतो. एकाच शब्दाला एवढा पैस असणे ही गोष्ट उपेक्षणीय नाही.

वैद्यकाच्या परंपरेतही हा प्रश्न निराळ्या रूपाने उपस्थित झालेला दिसतो. चरकसंहितेने उन्मादाचे पाच प्रकार मानले : वात, पित्त, कफ व सन्निपात यांपासून होणारे चार आणि पाचवा आगंतु, म्हणजे बाहेरून आलेला. मन, बुद्धी, स्मृती, शील, आचार इत्यादींचा विभ्रम म्हणजे उन्माद, अशी त्याची व्याख्या आहे. तथापि ज्याच्याकडून स्वतः अपराध घडला नाही त्याला देव, गंधर्व वा पिशाच पीडा देत नाहीत, असेही हाच ग्रंथ बजावतो. दोष बाह्य शक्तींवर न ढकलता मनुष्याच्या प्रज्ञापराधावर ठेवण्याची ही भूमिका शास्त्रीय दृष्टीने पुढचे पाऊल होते. मात्र तिने रुग्णाच्या माथी नैतिक जबाबदारीचे ओझेही ठेवले, हे विसरता येत नाही.

मराठीच्या प्रारंभकाळातील साक्ष महानुभाव वाङ्मयात मिळते. तेराव्या शतकात ऋद्धिपूर येथे राहणारे गोविंदप्रभू, ज्यांना महानुभाव पंचकृष्णांपैकी एक मानतात, यांच्या लीळा म्हाइंभटांनी संकलित केल्या. कोणाच्याही घरात शिरावे, मुलांसारखे खेळावे, असे त्यांचे वर्तन तीत नोंदले आहे. लोक त्यांना वेडे समजत आणि ईश्वरही मानत. या वर्तनाला आजच्या वैद्यकातील नाव देण्याचा मोह अभ्यासकाने टाळावा. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की, ज्याला गाव वेडा म्हणत होते त्याला गावात हिंडण्याची, जेवण्याची व बोलण्याची मुभा होती. अर्थात प्रत्येक वेडग्रस्ताच्या वाट्याला ऋद्धिपूर आले असेल असे मानणे भाबडेपणाचे होईल. जुन्या मराठीतील ‘पिसे’ या शब्दाचे नाते ‘पिशाच’ शब्दाशी जोडले जाते. जे लागले ते उतरवायचे, या समजुतीपोटी मारझोड, उपवास आणि साखळदंडही आले. उपचार वेडावर होत असला तरी वळ रुग्णाच्या अंगावरच उठत.

एकोणिसाव्या शतकात या चित्रात कायद्याने मूलगामी बदल केला. इ. स. १८५८ मध्ये या विषयावर तीन अधिनियम झाले. त्यांपैकी ३५ व्या अधिनियमाने जिल्हा न्यायालयांना अशा व्यक्तीच्या मिळकतीची व्यवस्था दुसऱ्याकडे सोपविण्याचा अधिकार दिला. ३६ व्या अधिनियमाने भटकणाऱ्या वा धोकादायक वाटणाऱ्या वेडग्रस्तांना पोलिसांनी दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे व वैद्यकीय दाखल्यानंतर आश्रयगृहात पाठवावे, अशी तरतूद केली. नागपूर (१८६४), रत्नागिरी (१८८६) व ठाणे (१९०१) येथील संस्था याच व्यवस्थेतून उभ्या राहिल्या. १९१२ च्या अधिनियमाने हे कायदे एकत्र केले आणि ‘ल्युनॅटिक’ म्हणजे जडबुद्धी किंवा विकल मनाची व्यक्ती, अशी व्याख्या दिली. येथे ‘लागणे’ संपले आणि ‘असणे’ सुरू झाले. मनोविकार ही आता व्यक्तीची कायदेशीर अवस्था झाली. वेड गेले तरी मिळकतीवरील बंधन आपोआप जात नसे; ते उठविण्यासाठी पुन्हा चौकशी व्हावी लागे. लोकभाषेनेही हा बदल टिपला. ‘याला ठाण्याला पाठवा’ या थट्टेत एका नगराचे नाव रोगाचे नाव होऊन बसले.

पुढे ‘असायलम’ जाऊन ‘मेंटल हॉस्पिटल’ आले, मराठीत ‘मनोरुग्णालय’ रूढ झाले. १९५२ नंतर क्लोरप्रोमाझीनसारखी औषधे उपलब्ध झाल्याने अनेकांना घरी परतणे शक्य झाले. परंतु घराच्या दाराशी जुने नाम वाट पाहत होते. १९५५ च्या हिंदू विवाह अधिनियमाने असाध्य मनोविकलता सलग तीन वर्षे टिकल्यास ते घटस्फोटाचे कारण मानले; १९७६ च्या दुरुस्तीने त्याची कक्षा रुंदावली. पुढे १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, स्किझोफ्रेनियाचे नाव चिकटविणे पुरेसे नाही, विकाराची तीव्रता पाहिली पाहिजे, असे स्पष्ट केले. कोणताही गुन्हा न केलेल्या मनोरुग्णांना तुरुंगात ठेवणे बेकायदेशीर आहे, हे सांगण्यास मात्र १९९३ साल उजाडावे लागले.

दोन्ही वाक्यांतील क्रौर्य एकत्र आलेले पाहावयाचे तर महाराष्ट्राबाहेर, तामिळनाडूतील एरवाडीकडे वळावे लागते. तेथील दर्ग्याच्या परिसरात बाधा उतरेल या आशेने कुटुंबे आपल्या रुग्णांना आणून ठेवीत. ६ ऑगस्ट २००१ रोजी तेथील एका खाजगी निवासगृहाला आग लागली आणि साखळीने बांधलेले २८ जण जळून मेले. बाधा उतरेल ही आशा पहिल्या वाक्यातली होती. ज्याला बांधले त्याच्या जिवाची जबाबदारी कोणावरच नाही, ही वृत्ती दुसऱ्यातली.

या पार्श्वभूमीवर २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा अधिनियम भाषिक दृष्ट्याही लक्षणीय ठरतो. मानसिक आजाराचे निदान झाले एवढ्यावरून ती व्यक्ती मनोविकल आहे असे समजता येणार नाही. तसे सक्षम न्यायालयाने घोषित केलेले असले पाहिजे, असे त्याच्या तिसऱ्या कलमात म्हटले आहे. आजार आणि मनुष्य यांच्यामध्ये १८५८ पासून बुजत गेलेले अंतर येथे कायद्याने पुन्हा मोकळे केले आहे.

तथापि संज्ञा बदलल्याने वृत्ती बदलते असे मानण्यास इतिहास आधार देत नाही. ‘मनोरुग्ण’ हा शब्द सौम्य हेतूने आला. आज तोही शिवीसारखा वापरला जातो. नव्या शब्दाला जुना अर्थ चिकटण्यास फार काळ लागत नाही. म्हणून शब्दापेक्षा वाक्याकडे लक्ष देणे अधिक अगत्याचे आहे. वाक्यात मनुष्य कोठे उभा आहे, आजारासमोर की आजाराच्या जागी, यावर त्याची मिळकत, त्याचा विवाह, त्याचे मत आणि प्रसंगी त्याचा जीव अवलंबून राहिला आहे. सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकांनी दप्तरे चाळताना या व्याकरणाचीही नोंद घ्यावी, एवढेच येथे सुचवावयाचे आहे.