कान्हेरीचे अक्षर आणि यंत्राची संज्ञा

मीरा-भाईंदर हे नाव घेतले की लोकल गाड्यांची गर्दी आणि उंच इमारतींच्या रांगा डोळ्यांपुढे उभ्या राहतात. २००२ साली महानगरपालिका झालेल्या या नगराचे स्थान मात्र बौद्ध इतिहासाच्या अभ्यासकाला विचार करावयास लावणारे आहे. नगराच्या आग्नेयेस संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आहेत आणि त्याच डोंगरांत, दक्षिणेकडे, कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी आहेत. लेखांत या स्थळाचे नाव ‘कण्हसेल’ असे येते. उत्तरेस वसईची खाडी ओलांडली की प्राचीन शूर्पारक, म्हणजे आजचे सोपारे लागते. तेथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला आणि १९५६ साली जवळच्या भुईगावात नवव्या लेखाचा तुकडा मिळाला. दोन महत्त्वाच्या लेखस्थळांच्या मधोमध आज लाखोंची वस्ती नांदते आहे. परंतु त्या लेखांतील एक ओळ तरी स्वतःच्या डोळ्यांनी वाचू शकणारे किती असतील, हा प्रश्नच आहे.

याच काळात जुनी अक्षरे ओळखणारी यंत्रे तयार झाली आहेत. ज्या गणिती रचनेवर ती चालतात तिला ‘डीप न्यूरल नेटवर्क’ म्हणतात. सोयीसाठी आम्ही तिला ‘बहुस्तरीय चेताजाल’ म्हणू. हे चेताजाल आपल्या लेण्यांतील लेख वाचू लागले तर इतिहासाला काय लाभेल आणि कोणता धोका संभवेल, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

वाचनातील दोन कार्ये

शिलालेख वाचणे हे वस्तुतः दोन कार्यांचे मिळून बनते. दगडावरील ही खूण मुळात अक्षर आहे की निसर्गाने पडलेली भेग, हे ठरविणे हे पहिले. यास आपण शोधन म्हणू. अक्षर असेल तर ते कोणते, हे ठरविणे हे दुसरे. यास वर्गीकरण म्हणू. अशोककालीन ब्राह्मीत ‘र’ म्हणजे जवळजवळ एक उभी रेघ. उभी भेगही तशीच दिसते. ‘ठ’ म्हणजे रिकामे वर्तुळ आणि ‘थ’ म्हणजे मध्ये बिंदू असलेले वर्तुळ. म्हणजे पावसाने वर्तुळात एक खळगा पाडला की ‘ठ’चा ‘थ’ होतो. अनुस्वार हा तर नुसता ठिपकाच. त्यात कान्हेरीचा दगड खडबडीत, खड्यांनी भरलेला. अशा भिंतीवर शोधन व वर्गीकरण ही दोन्ही कार्ये किती कठीण आहेत, हे निराळे सांगावयास नको.

मानवाने ही कार्ये कशी पार पाडली, याचा इतिहास बोधप्रद आहे. जेम्स प्रिन्सेप यांनी १८३४ पासून अलाहाबाद स्तंभावरील अक्षरे किती वेळा येतात याची मोजदाद केली होती. १८३७ साली सांचीच्या कठड्यांवरील छोटे छोटे लेख पाहताना त्यांच्या ध्यानात आले की, बहुतेक लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरे पुनःपुन्हा येतात. हे दानलेख असले पाहिजेत, असे अनुमान त्यांनी बांधले. ती अक्षरे ‘दानं’ अशी ठरली आणि ब्राह्मीचे कुलूप उघडले. पुनरावृत्तीवरून अर्थाकडे जाण्याची ही रीत आजच्या चेताजालाच्या रीतीशी बरीच मिळतीजुळती आहे.

परंतु पुढे काय घडले तेही पाहिले पाहिजे. स्तंभांवरील ‘देवानंपिय पियदसि’ ही अक्षरे प्रिन्सेप यांनी अचूक वाचली. मात्र हा राजा सिंहलद्वीपाचा असावा असा त्यांनी प्रथम तर्क केला. तो दूर केला जॉर्ज टर्नर यांनी. दीपवंस या पालि ग्रंथाच्या आधारे पियदसि म्हणजे अशोक, हे त्यांनी दाखवून दिले. पुढे १९१५ साली मस्की येथे अशोकाचे नावच असलेला लेख मिळाला आणि शंकेला जागा उरली नाही. अक्षरांचे वर्गीकरण निर्दोष असूनही इतिहास चुकू शकतो, आणि तो सुधारण्यासाठी ग्रंथांचे ज्ञान लागते, हा या घटनेचा धडा होय.

कान्हेरीच्या लेखांनाही अशीच परंपरा आहे. ई. डब्ल्यू. वेस्ट यांनी १८६१ साली त्यांच्या नकला प्रसिद्ध केल्या. १८८१ साली जेम्स बर्जेस व भगवानलाल इंद्रजी यांचा पश्चिम भारतातील लेण्यांच्या लेखांचा संग्रह आला. शोभना गोखले यांचा कान्हेरीच्या लेखांवरील ग्रंथ पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९९१ साली प्रकाशित केला. प्रत्येक पिढीने मागील पिढीचे वाचन पुन्हा भिंतीशी ताडून पाहिले, ही या परंपरेची खरी शक्ती आहे.

यंत्र कसे शिकले

यंत्राला ओळखावयास शिकविण्याचे प्रयत्न जुनेच आहेत. १९५८ साली अमेरिकेत फ्रँक रोझेनब्लॅट यांनी ‘परसेप्ट्रॉन’ मांडला. १९८० साली जपानच्या कुनिहिको फुकुशिमा यांनी मेंदूतील दृष्टिव्यवस्थेच्या रचनेवरून स्फूर्ती घेऊन अनेक थरांचे जाल सुचविले. १९८९ साली यान लकून व त्यांच्या सहकाऱ्यांनी टपालाच्या पाकिटांवरील हस्तलिखित अंक यंत्राकडून वाचवून घेतले. आपल्याकडे १९७९ साली आर. एम. के. सिन्हा व एच. एन. महाबल यांनी देवनागरीच्या यांत्रिक वाचनावर निबंध प्रसिद्ध केला होता; त्याची पद्धत मात्र निराळी, अक्षरांच्या अवयवांचे नियम लिहून देण्याची होती. २०१२ साली सुमारे १२ लाख छायाचित्रांवर शिकविलेल्या बहुस्तरीय जालाने चित्रांची १,००० वर्गांत विभागणी करण्याच्या स्पर्धेत इतरांना फार मागे टाकले आणि तेथून या तंत्राचा सर्वत्र प्रसार झाला. २०१७ साली सतीश पलानीअप्पन व रणजय अधिकारी यांनी सिंधू मुद्रांच्या छायाचित्रांतून लेखाचा भाग शोधून चिन्हे ओळखण्यासाठी हेच तंत्र योजले.

या जालाला कोणी नियम सांगत नाही. त्याला हजारो नमुने दाखविले जातात आणि प्रत्येकाचे उत्तर सोबत दिले जाते. त्याचे उत्तर चुकले की आतील असंख्य वजने किंचित बदलली जातात. असे लक्षावधी वेळा होते. पहिले थर रेघा व कडा टिपतात, पुढचे थर त्यांच्यापासून वळणे व आकार जुळवितात आणि शेवटचा थर संभाव्यता सांगतो. म्हणजे यंत्राचे ज्ञान हे शिकविणाऱ्याने दिलेल्या उत्तरांचेच फळ होय. कान्हेरीसाठी ती उत्तरे कोठून येणार? वेस्ट, भगवानलाल आणि गोखले यांच्या वाचनांतूनच. त्यांतील अचूकता जशी यंत्रात उतरेल, तशीच एखादी शंकास्पद जागाही उतरेल. फरक इतकाच की शंकेचे चिन्ह गळून जाईल.

लाभ कोणता

या तंत्राची उपेक्षा करणे शहाणपणाचे ठरणार नाही. २०२२ साली ‘इथाका’ नावाचे चेताजाल ग्रीक शिलालेखांसाठी सिद्ध झाले. ते सुमारे ७८ हजार लेखांच्या संग्रहावर शिकविले होते. झिजलेला मजकूर भरून काढण्याच्या चाचणीत केवळ इतिहासतज्ज्ञांची अचूकता २५ टक्के, केवळ यंत्राची ६२ टक्के आणि यंत्राचे साहाय्य घेणाऱ्या तज्ज्ञांची ७२ टक्के भरली. लेख कोणत्या प्रदेशातील, हे त्याने ७१ टक्के वेळा बरोबर सांगितले. अथेन्सच्या काही आज्ञापत्रांचा काळ एका अक्षराच्या वळणावरून इ. स. पू. ४४६ च्या आधीचा मानला जात असे. यंत्राचा कौल सरासरीने इ. स. पू. ४२१ कडे पडला आणि तो नव्या संशोधकांच्या मताशी जुळला. आपल्याकडेही लेण्यांचा काळ बव्हंशी अक्षरांच्या वळणावरून ठरविला जातो. तेव्हा त्या निर्णयांची फेरतपासणी करणारा एक निःपक्ष साहाय्यक मिळत असेल तर त्याचे स्वागतच केले पाहिजे. ७२ हा आकडा तज्ज्ञ आणि यंत्र यांच्या सहकार्याचा आहे, हे मात्र विसरता कामा नये.

धोका कोणता

आचार्य बुद्धघोषांनी विसुद्धिमग्गात सञ्ञेचे जे विवेचन केले आहे ते येथे फार उपयोगी पडते. हा ग्रंथ धर्मानंद कोसंबी यांनी नागरी लिपीत संपादिला आणि तो १९४० साली मुंबईत प्रसिद्ध झाला. सञ्ञेचे कार्य खूण करून पुढे तीच वस्तू ओळखणे हे होय. सुतार लाकडांवर खुणा करून ठेवतो तसे. परंतु तीच सञ्ञा शेतातील बुजगावण्याला माणूस समजणाऱ्या हरणाच्या पाडसातही असते. नाण्यांची रास पाहणारे मूल, खेडूत आणि सराफ यांच्या दृष्टांताने आचार्यांनी सञ्ञा, विञ्ञाण आणि पञ्ञा यांतील अंतर स्पष्ट केले आहे. मुलाला आकार व रंग दिसतात, खेडुताला नाण्याचा उपयोगही कळतो, तर सराफ खरे-खोटे पारखतो. आमच्या मते चेताजालाचे सामर्थ्य सञ्ञेचे आहे आणि ते अफाट आहे. सराफाची पारख मात्र त्यात नाही.

दोन उदाहरणे घेऊ. कान्हेरीच्या ९० क्रमांकाच्या लेण्यात पारशी यात्रेकरूंनी इ. स. १००९ व १०२१ मध्ये कोरलेले पहलवी लेख आहेत. केवळ ब्राह्मी शिकलेल्या जालापुढे ते आले तर काय होईल? त्याला जे वर्ग शिकविले, त्यांपैकीच एक तो निवडील. ‘हे यांपैकी काहीच नव्हे’ असे म्हणण्याची सोय मुद्दाम करून द्यावी लागते. न केल्यास परदेशी पाहुण्यांचा लेख ब्राह्मीतील निरर्थक अक्षरांत रूपांतरित होईल.

दुसरे उदाहरण आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते. कान्हेरीच्या दात्यांत केवळ राजे व श्रेष्ठी नाहीत. तेथे भिक्षुणी आहेत, पाण्याचे टाके देणारा कल्याणचा सोनार आहे, आणि वाट बांधून देणारा लोहारही आहे. लोहारासाठी लेखात ‘कमार’ हा शब्द आहे. तथागतांना अखेरचे भोजन देणाऱ्या चुन्दाच्या ‘कम्मारपुत्त’ या विशेषणामुळे पालिच्या वाचकांना तो परिचितच आहे. ब्राह्मीत ‘क’च्या पायाशी एक लहानशी रेघ जोडली की ‘कु’ होतो. समजा, तेथे दगडाला एक ओरखडा आहे. यंत्राने ‘कुमार’ हा शब्द पुष्कळदा आणि ‘कमार’ क्वचितच पाहिला आहे. त्याचा कौल ‘कुमार’कडे झुकेल. एका ओरखड्याने लोहाराचा राजपुत्र होईल आणि श्रमिकाने संघाला दिलेले दान इतिहासातून नाहीसे होईल. त्याचप्रमाणे गिरनारचा ‘राजा’ शिकलेले यंत्र कालसीच्या ‘लाजा’ला चूक समजून ‘दुरुस्त’ करील, आणि बोलीचा पुरावा पुसला जाईल.

जे वारंवार येते त्याकडे ओढले जाणे हा चेताजालाचा स्वभाव आहे. इतिहासात मात्र जे एकदाच आले, तेच पुष्कळदा मोलाचे असते. ज्यांची नावे पोथ्यांनी नोंदविली नाहीत, त्यांची नोंद या भिंतींवर एकेकदाच झाली आहे. सरासरीच्या नावाखाली ती गमाविणे आपणांस परवडणारे नाही.

काय करावे

उदानात बाहिय दारुचीरियाची कथा आहे. तो याच खाडीपलीकडच्या सुप्पारकाचा. जे दिसले त्यात आपल्या मनाची भर घालू नये, दर्शनाला दर्शनाच्याच मर्यादेत ठेवावे, असा उपदेश तथागतांनी त्याला केला. तो विमुक्तीसाठी होता हे खरे. परंतु शिलालेखाच्या वाचकालाही तो तंतोतंत लागू पडतो. लेख संपादिताना स्पष्ट दिसलेली अक्षरे, संदिग्ध अक्षरे आणि तर्काने भरलेली अक्षरे ही कंसांनी वेगळी दाखविण्याचा दंडक विद्वानांत रूढ आहे. यंत्राच्या वाचनालाही तोच दंडक लावला पाहिजे: त्याने प्रत्येक अक्षराशेजारी आपल्या खात्रीचे प्रमाण व दुसरा पर्याय द्यावा आणि मूळ छायाचित्र सदैव सोबत असावे.

याखेरीज दोन गोष्टी आपल्या हातांत आहेत. पहिली, लेखांची उत्तम छायाचित्रे. तिरप्या प्रकाशात, वेगवेगळ्या दिशांनी घेतलेल्या चित्रांत भेग आणि छिन्नीची खूण यांतील भेद बराचसा उघड होतो. पुरातत्त्व खात्याच्या परवानगीने हे काम होऊ शकते. दुसरी, ब्राह्मी व पालिचे वर्ग. बाबासाहेबांनी अखंड व्यापातही पालि शब्दकोशाचे काम हाती घेतले होते. ते शासनाने १९९८ साली त्यांच्या लेखन-भाषणांच्या सोळाव्या खंडात प्रसिद्ध केले. त्या परिश्रमाचा अर्थ ओळखून मीरा रोड-भाईंदरच्या विहारांनी रविवारच्या वर्गात ब्राह्मीची मुळाक्षरे शिकविली, तर काही वर्षांत कान्हेरीच्या भिंतीसमोर उभे राहून यंत्राचे वाचन तपासणारे तरुण-तरुणी येथेच तयार होतील. यंत्राला नमुन्यांची उत्तरे द्यावी लागणारच आहेत. ती देणाऱ्यांत आपले विद्यार्थी असावेत, आणि ‘कमार’ की ‘कुमार’ हा निर्णय त्यांनी दगडाला विचारून करावा.