माणसांचे गट किती?

जालन्याच्या पोलाद गिरण्यांत मराठवाड्याचा कामगार आणि बिहार-उत्तर प्रदेशचा कामगार एकाच भट्टीपुढे राबतात. संघटनेची गोष्ट निघाली की कोणीतरी म्हणतोच, "त्यांचे रक्तच वेगळे!" तेव्हा रक्ताने माणसांचे गट किती पडतात, या प्रश्नाचा इतिहास आपण पाहावयास हवा.

१९०१ च्या खानेसुमारीचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाची व डोक्याची मापे घेऊन हिंदी लोकांचे सात वंश ठरविले. मराठी लोकांना त्यांनी शक-द्राविडांत घातले. मापे जातवार घेतलेली. म्हणजे जात एकजिनसी असते, हे आधीच गृहीत धरलेले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील इरावती कर्वे यांनी या गृहीतालाच हात घातला. १९६८ साली त्यांनी व कैलाश मल्होत्रा यांनी महाराष्ट्रातील आठ ब्राह्मण पोटजातींची तुलना प्रसिद्ध केली. एका नावाच्या पोटजाती एकाच बुंध्याच्या फांद्या असतातच असे नाही, हे बाईंचे प्रतिपादन होते.

पुढे मापांच्या जागी जनुके आली. या पद्धतीत संगणकाला जात सांगत नाहीत. मूळ घराणी दोन धर, तीन धर, चार धर, असे सांगून प्रत्येक माणसात कोणाचा वाटा किती, हे काढावयास लावतात. जी संख्या नमुन्याशी उत्तम जुळेल ती घेतात. कमी धरली तर निराळे धागे एकात गुंततात. जास्त धरली तर जवळचे नातलगही वेगळा गट भासतात.

२००९ साली हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांसह २५ समूहांतील १३२ माणसे तपासून दोन प्राचीन घराणी मांडली. ती मांडणी मुख्यतः आर्य व द्राविड भाषा बोलणाऱ्यांपुरती होती. २०१६ साली बंगालमधील कल्याणीच्या संस्थेने २० समूहांतील ३६७ माणसे घेतली, त्यांत मराठेही होते, आणि संथाळांसारखे आदिवासी व ईशान्येकडील समूहही हिशेबात धरले. तेव्हा मुख्य भूमीवर चार घराणी निघाली, अंदमानचे पाचवे. नमुना रुंदावला, तशी संख्या वाढली.

याच अभ्यासाने आणखी एक गोष्ट दाखविली. पूर्वी हे समूह आपसांत मिसळत होते. वरच्या जातींतला बेटीव्यवहार सुमारे सत्तर पिढ्यांपूर्वी बंद पडला. म्हणजे आज जे वेगळेपण मोजता येते, त्यातले पुष्कळसे लग्नाच्या बंदीने घडविलेले आहे. म्हणून कोणी गटांचा आकडा सांगू लागला, तर प्रथम विचारावे: माणसे कोणती निवडली, आणि कोणती वगळली?